प्रश्नमंजुषेत पहिला, उत्तरपत्रिकेत कोरा

पत्राचा आशय: बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेने हे पत्र पाठवले आहे. वर्गात ३८ मुले आहेत. गेल्या वर्षापासून त्या दर शुक्रवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑनलाइन प्रश्नमंजुषेची लिंक टाकतात, मुले ती घरी सोडवतात आणि सोमवारी शाळेच्या टीव्हीवर पहिल्या पाच जणांची नावे झळकतात. वर्गाची सरासरी ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते आणि हेच गुण आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदवहीत चढतात. परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी कौतुक करून केंद्रातील शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत या उपक्रमाचे सादरीकरण करायला सांगितले आहे. मात्र परवाच्या घटक चाचणीत पूर्णांक संख्यांच्या उदाहरणांत निम्म्याहून अधिक वर्ग चुकला. प्रश्नमंजुषेत नेहमी पहिला येणाऱ्या मुलाने दोन उदाहरणे कोरी सोडली, तर तिथे विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकावर असणाऱ्या एका मुलीची सगळी उदाहरणे बरोबर आली. दहा-बारा घरांत स्मार्टफोन नाही आणि दिवाळीनंतर काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘हा नुसता खेळ आहे, बंद करा.’ शिक्षिकेचा प्रश्न असा, की प्रश्नमंजुषा चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात, आणि परिषदेत नेमके काय सांगावे?

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात प्रश्न मोबाईलचा वाटला, दुसऱ्या वाचनात त्या दोन मुलांपाशी थांबले. तुम्ही त्यांचा उल्लेख ओझरता केला आहे, परंतु माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या दोन मुलांकडेच आहे. म्हणून ‘चालू ठेवू की बंद करू’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू आणि आधी एवढेच पाहू, की वर्गाला ९० टक्के मिळतात तेव्हा ते नेमके कशाचे मिळतात.

दहा प्रश्नांच्या, प्रत्येकी चार पर्यायांच्या प्रश्नमंजुषेत ज्या मुलाला सहाच उत्तरे ठाऊक आहेत, ते उरलेल्या चार प्रश्नांवर डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरी एक उत्तर बरोबर आणते. म्हणजे ६० टक्के तयारीचे ७० टक्के झाले. चारपैकी एक पर्याय उघडउघड हास्यास्पद असेल, आणि घाईने प्रश्न तयार करताना आपण सगळेच तसा एक पर्याय घालतो, तर हा फुगवटा आणखी वाढतो. तरीही तो ९० पर्यंत जात नाही. पुढची मजल बहुधा घरी मारली जाते. लिंक पुन्हा उघडता येत असेल तर मूल तीच प्रश्नमंजुषा दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा सोडवते, तोवर ‘तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निळ्या चौकोनात’ इतके पाठ झालेले असते. शिवाय फोन बहुतेक वेळा थोरल्या भावाच्या हातात असतो, आणि धाकट्याचे चुकताना पाहून गप्प बसणारा थोरला भाऊ मी तरी अजून पाहिलेला नाही. मुलांना अप्रामाणिक ठरवण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या स्पर्धेत पहिल्या पाचांचीच नावे झळकतात, त्या स्पर्धेत कोणतेही शहाणे मूल हेच करील.

याहून महत्त्वाचा फरक उत्तर ओळखणे आणि उत्तर मांडणे यांतला आहे. चार उत्तरे समोर असताना त्यांतले बरोबर उचलणे हे एक काम. कोऱ्या ओळीवर पहिली पायरी स्वतः लिहिणे हे दुसरे. तुमच्या त्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाला पहिले काम चांगले जमते आणि तेही झटपट जमते. दुसरे काम त्याच्याकडून आजवर कोणी मागितलेलेच नसावे. मुलीच्या बाबतीत याच्या उलट झाले असण्याची शक्यता मोठी आहे. ती वहीत आकडेमोड करते, पडताळा घेते आणि मग बोट टेकवते, तोवर घड्याळाने तिचे गुण कापलेले असतात, कारण अशा अनेक साधनांत बरोबर उत्तराचे गुणही वेगावर ठरतात. सबुरीने गणित करणे हा गुण असताना आपण तिला तो दर सोमवारी टीव्हीवर उणीव म्हणून दाखवत आलो आहोत.

आता सहकाऱ्यांचे म्हणणे. ‘नुसता खेळ’ हा त्यांचा शेरा मला अर्धाच पटतो. वारंवार आठवायला लावणारी छोटी चाचणी मुळात शिकवणारीच असते, हे चांगल्या प्रयोगांतून दिसून आलेले आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्याला न पाहता आठवायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने आठवणारे पुढे गेले. तेव्हा चाचणीचा राग करण्याचे कारण नाही. सहकाऱ्यांना एवढेच विचारावे, की खेळ संपल्यावर वर्गात काय होते? तुमच्या पत्रात या प्रश्नाचे उत्तर शोधले, तर नावे झळकतात आणि टाळ्या वाजतात एवढेच सापडले. चुकलेल्या एकाही उत्तरावर बोलणे झाल्याचा उल्लेख पत्रात नाही, आणि अडचण मला इथेच दिसते.

‘आकारिक’ हा शब्द आपल्या नोंदवह्यांत २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून स्थिरावला. शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले, आणि आपल्याकडे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी तंत्रे ठरली. सातवी-आठवीसाठी आकारिकचा भार ४० आणि संकलितचा ६० टक्के ठेवण्यात आला. कुंभार मडके घडत असताना आतून हात देतो आणि बाहेरून थोपटतो, ते आकारिक. भाजून झालेले मडके वाजवून पाहतो, ते संकलित. परंतु प्रत्यक्षात आपण काय केले? रकाने आले, रकान्यांत आकडे आले, वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या इंटरनेटवर मिळू लागल्या आणि ‘गणितीय संकल्पना समजून घेतो’ हे एकच वाक्य चाळीस मुलांच्या नावांपुढे उतरू लागले. (हे मीही केले आहे. एप्रिलच्या उकाड्यात, एका बैठकीत.) प्रश्नमंजुषेने या रकान्यासाठी आयता आकडा पुरवला, म्हणून ती आपल्याला इतकी आवडली, असे मला कधी कधी वाटते.

माझी पहिली सूचना त्यामुळे अशी, की प्रश्नमंजुषेचे गुण नोंदवहीत चढवणे थांबवा. चाचणीच्या रकान्यासाठी वर्गात, तुमच्या डोळ्यांदेखत, लेखी घेतलेली छोटी चाचणी वापरा. प्रश्नमंजुषेतून मिळेल ती नोंद शब्दांत करा, तीही मोजक्या मुलांची. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील शाळांत केलेला एक अभ्यास इथे आठवतो. मुलांच्या एका गटाला कामावर फक्त गुण दिले, एकाला फक्त शेरा, एकाला दोन्ही. सुधारणा फक्त शेरा मिळालेल्या गटात दिसली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्या मुलांवर शेऱ्याचा उपयोग जवळजवळ झाला नाही, कारण गुण दिसला की पुढचे कोणी वाचत नाही. याचा अनुभव तुम्हाला आणि मला संशोधनाशिवायही आहे. तपासलेला पेपर हातात आल्यावर मूल आधी वरच्या कोपऱ्यातला आकडा पाहते, मग शेजारच्याचा.

दुसरी सूचना प्रश्नांविषयी आहे आणि ती थोडी विस्ताराने लिहिते, कारण सगळी मेख इथेच आहे. दहा प्रश्न नकोत. एका तासाला दोन पुरेत. मात्र प्रत्येक चुकीचा पर्याय असा असावा, की तो निवडणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते तुम्हाला कळावे. तुमचा वर्ग जिथे अडला तेच उदाहरण घेऊ: (−७) − (−३) = ? पर्याय −१०, −४, ४ आणि १० असे ठेवा. बरोबर उत्तर −४. ज्याने −१० निवडले, त्याने वजाबाकीचे चिन्ह आणि संख्येचे चिन्ह एकच धरले आणि दोन ऋण संख्यांची बेरीज केली. ज्याने ४ निवडले, त्याला क्रिया समजली आहे, पण सातच्या पुढचे चिन्ह वाटेत गळाले. आणि ज्याने १० निवडले, त्याच्याकडे नीट पाहा. हे मूल बहुधा हुशार आणि लक्ष देणारे आहे. सातवीत पूर्णांकांच्या गुणाकारात ‘ऋण ऋण धन’ हा नियम त्याने मनापासून पाठ केला आणि तो वजाबाकीवरही चालवला. म्हणजे ही चूक तुमच्या कालच्या चांगल्या तासातूनच जन्मली आहे. तिन्ही मुले ‘चूक’च, परंतु तिघांना तीन निरनिराळी औषधे लागतील. टीव्हीवर झळकणाऱ्या टक्केवारीत मात्र हा फरक पार बुडून जातो.

औषधही साधे आहे. दुकानात सात रुपयांची उधारी आहे. दुकानदाराने वहीतून तीन रुपयांची उधारी खोडली. आता किती उरली? वर्गातले एकही मूल ‘दहा रुपये जमा झाले’ असे म्हणणार नाही. मग फळ्यावर तेच उणे चिन्हांनी मांडा. (उदाहरण दुकानाच्या उधारीचेच घ्या, ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचे घेऊ नका. ते अधिक जवळचे वाटेल खरे, पण तुमच्या वर्गात ज्यांच्या घरावर खरोखरची उचल आहे त्यांना फळ्यावर ती वाचायला लावू नये.)

आता प्रश्न विचारण्याची रीत. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी एक पद्धत रुजवली आणि ती आपल्या वर्गांत उत्तम चालते, कारण तिला यंत्र लागतेच असे नाही. प्रश्न दाखवावा, मिनिटभर कोणी बोलू नये, प्रत्येकाने आपले उत्तर द्यावे. बरोबर उत्तर लगेच सांगू नये. साधारण ३० टक्क्यांहून कमी मुलांचे बरोबर आले, तुमच्या वर्गात अकरा-बारांहून कमी, तर घटक पुन्हा शिकवावा. ७० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सत्तावीसच्या पुढे, आले तर थोडक्यात उलगडून पुढे जावे. मधल्या पट्ट्यात असतील तर खरी मजा आहे. तेव्हा शेजारच्या मुलाचे उत्तर वेगळे असेल तर त्याला पटवून द्यायला सांगावे, दोन-तीन मिनिटे वर्गात गलका होऊ द्यावा आणि पुन्हा उत्तरे घ्यावीत. ‘आरं, उधारी खोडली म्हणल्यावर ती वाढंल कशी?’ हे वाक्य तुमच्या तोंडून येण्यापेक्षा शेजारच्या बाकावरून आले तर अधिक लागू पडते.

उत्तरे घ्यायची कशी, हे तुमच्या शाळेत काय आहे त्यावर ठरवा. प्लिकर्स नावाच्या साधनात मुलांच्या हातात फोन लागत नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड मिळते, त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल हवी ती बाजू वर धरते, तुम्ही तुमचा एकच फोन वर्गावरून फिरवता आणि कोणी काय निवडले ते पडद्यावर येते. कार्डावरची अक्षरे बारीक असल्यामुळे शेजाऱ्याला पाहून वळवणेही अवघड जाते. कार्डे जाड कागदावर छापावीत, चकचकीत लॅमिनेशन करू नये. उजेड परावर्तित झाला की फोन कार्ड ओळखत नाही. आणि वीज गेली, रेंज गेली (तुमच्याकडे या गोष्टी सांगून येत नाहीत), तर पाटी आहेच. ‘पाट्या वर’ म्हटले की ३८ उत्तरे एका नजरेत दिसतात, आणि पाटीवर पर्याय निवडायचा नसतो, उत्तर लिहायचे असते. खरे सांगायचे तर पूर्णांकांसाठी मी पाटीच निवडीन. आणि उत्तरासोबत मधली पायरीही लिहायला सांगेन.

यामुळे स्मार्टफोन नसलेल्या दहा-बारा घरांचा प्रश्नही बराचसा सुटतो. शुक्रवारची लिंक ही ज्यांच्याकडे फोन आहे त्यांच्यापुरतीच होती आणि तिचे गुण सर्वांच्या नोंदवहीत जात होते, ही गोष्ट तुम्हाला खटकत होती म्हणूनच तुम्ही पत्र लिहिले, असे मी समजते. ज्यांना हवी त्यांनी घरी सरावासाठी लिंक जरूर वापरावी. त्यात वेगाचे घड्याळ आणि क्रमवारी बंद करण्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरानंतर दिसेल असे दोन ओळींचे स्पष्टीकरण लिहावे. गुगल फॉर्म्समध्ये हे स्पष्टीकरण प्रत्येक प्रश्नाला जोडता येते. मात्र मुलांची पूर्ण नावे अशा साधनांत भरू नका, हजेरी क्रमांक पुरतो. पहिल्या पाचांची नावे किंवा फोटो ग्रुपवर टाकत असाल, तर तेही थांबवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हे तत्त्व मानले आहे. पण कायदा नसता तरी, ज्यांची नावे कधीच येत नाहीत त्यांच्या आईवडिलांनी ती यादी दर सोमवारी का वाचावी?

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांबाबत माझे मत थोडे कडक वाटेल. ‘लिंक पाठवली, आता अभ्यास चालू राहील’ हा आपल्या मनाचा समज आहे. कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीत, फोन चार्ज करायचीच वानवा असते, आणि पहाटे फडात गेलेल्या आईबापांचा फोन त्यांच्याबरोबरच जातो. मूल हंगामी वसतिगृहात राहिले तर उत्तमच. जात असेल तर स्थलांतर करणाऱ्या मुलाला मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत अर्ध्या पानाची तुमची चिठ्ठी द्या: भागाकार येतो, अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचीही बेरीज करतो, ऋण संख्यांत ‘ऋण ऋण धन’ वजाबाकीलाही लावतो. कारखान्याजवळच्या शाळेतील शिक्षकांना ‘आकारिक: ३४’ या आकड्यातून काय कळणार? या तीन ओळींवरून ते पहिल्याच दिवशी कामाला लागू शकतील. आणि मूल होळीच्या सुमारास परत आले, की तेच दोन-तीन प्रश्न पाटीवर पुन्हा घ्या.

पालक कदाचित विचारतील, की प्रश्नमंजुषेची स्पर्धा बंद का झाली. आपल्याकडे बहुपर्यायी प्रश्नांना मोठा मान आहे आणि तो उगाच नाही. नवोदय, शिष्यवृत्ती परीक्षा, पुढे वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’, आणि या सगळ्यांच्या पाठीशी प्रश्नसंचांवर प्रश्नसंच सोडवून घेणारा लातूर पॅटर्न. त्या वाटेने अनेक घरांत पहिला डॉक्टर आला आहे. परंतु तो सराव तयार झालेल्या मुलाला परीक्षेसाठी पाजळण्याचा आहे. तुमचे मूल अजून घडते आहे. शिष्यवृत्तीचा सराव वेगळ्या तासाला, वेळ लावून, खुशाल घ्या. पालकांना तसे सांगा. दोन्ही एकाच शुक्रवारच्या लिंकमध्ये कोंबल्याने गोंधळ झाला.

राहिली शिक्षण परिषद. तिथे जाणे टाळू नका आणि ९० टक्क्यांचा आलेखही दाखवू नका. पुढचे तीन आठवडे वर सांगितल्याप्रमाणे सहा प्रश्न घ्या. प्रत्येक प्रश्नासाठी पहिल्या वेळी किती मुलांनी कोणता पर्याय निवडला आणि शेजाऱ्याशी चर्चेनंतर किती जणांनी बदलला, एवढेच कागदावर मांडा. केंद्रातल्या शिक्षकांना (−७) − (−३) हे उदाहरण द्या आणि सातवीचे मूल कोणकोणत्या चुका करील, त्या त्यांनाच लिहायला सांगा. माझा अंदाज आहे, की १० हा पर्याय थोड्याच जणांना सुचेल. आणि ज्यांना सुचेल ते तुम्हाला चहाच्या वेळी येऊन भेटतील. घटक चाचणीत वर्ग चुकला, हेही सांगा. केंद्रप्रमुखांना ते प्रथम रुचणार नाही कदाचित, पण त्यांच्याकडेही सातवीचे असे बरेच वर्ग आहेत.

त्या मुलाला मात्र परिषदेपर्यंत थांबवू नका. उद्याच त्याला बोलावून कोऱ्या सोडलेल्या दोन उदाहरणांपैकी एक तोंडी सोडवायला सांगा आणि तो कुठे थबकतो ते पाहा. पहिली पायरी तुम्ही लिहून दिली तर तो पुढे जातो का, हेही पाहा. मुलीला सर्वांसमोर शाबासकी देण्याची घाई करू नका, अशी मुले त्याने संकोचतात. तिच्या वहीची शेवटची पाने उघडून बघा. कच्ची आकडेमोड तिथे असेल. ती कशी केली आहे ते मला अवश्य कळवा.